जुने आणि मुरलेले

‘जुने ते सोने’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याच्या घरी बहुधा लोणच्याची बरणी नसावी. सोने जुने झाले म्हणून अधिक चांगले होत नाही. ते जसेच्या तसे राहते, एवढाच त्याचा मोठेपणा. लोणचे मात्र रोज बदलत असते. आज फोड करकरीत, महिन्याने मऊ, पुढे खार आणि फोड अगदी एकजीव. आणि बरणीचा दादरा सैल राहिला तर वर बुरशीची पांढरी साय. तेव्हा जुने होणे निराळे आणि मुरणे निराळे. कालिदासानेही ‘मालविकाग्निमित्र’ नाटकाच्या प्रारंभी, जुने आहे एवढ्यावरून एखादी गोष्ट चांगली ठरत नाही, असे सूत्रधाराकडून बजावून घेतले आहे. तो नाटकांविषयी बोलत होता. मला ह्या वर्षी तीच कसोटी एका स्पॅनिश वाइनच्या बाटलीला लावावी लागली.

दिवाळी अंकात, चकली-अनारशांच्या शेजारी, मद्याची गोष्ट काढणे काही घरांत रुचणार नाही, हे मी जाणून आहे. पण ज्या आजीबाई हे वाचून नाक मुरडतील, त्यांच्याच फडताळात वैद्यबुवांनी दिलेली द्राक्षासवाची बाटली असते, आणि तेही धायटीच्या फुलांच्या साहाय्याने आंबवलेले द्राक्षांचेच पेय असते. आसवे जसजशी जुनी होतात तसतशी गुणाने वाढतात, असे ‘शार्ङ्गधरसंहिता’ सांगते. कायद्याची बूज राखणाऱ्या वाचकांसाठी एवढेच नमूद करतो की, १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये लागणारे परवाने आम्हा पिणाऱ्या मंडळींच्या खिशात होते.

ही परीक्षा झाली तामलवाडीला. सोलापूरहून तुळजापूरला निघालात की वाटेत हे गाव लागते. तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव. कोजागिरीच्या सुमारास सोलापूरहून आईच्या दर्शनाला पायी निघालेले हजारो भाविक ह्याच वाटेने जातात. १९४७ पर्यंत तुळजापूर निजामाच्या राज्यात आणि सोलापूर इंग्रजांच्या, अशी ही सरहद्दीची वाट होती. आज इकडे आणि तिकडे दोन्हींकडे द्राक्षांचे मांडव दिसतात. माझ्या पत्नीचे मामेभाऊ अण्णा ह्यांचा अडीच एकरांचा मळा तिथे आहे. मळ्यात माणिक चमन ही जात. ही आणि सोनाका, ह्या दोन्ही सोलापूरजवळच्या नान्नज गावच्या बागायतदारांनी आपल्याच वेलींतून निवडून काढलेल्या जाती. त्यामुळे अण्णा त्यांच्याकडे परक्या पिकासारखे पाहत नाहीत, भावकीतल्या माणसासारखे पाहतात.

अण्णांची पुतणी राहुरीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन स्पेनमध्ये दोन हंगाम काम करून आली. येताना तिने एक बाटली आणली आणि बाटलीबरोबर एक प्रस्ताव आणला. मळ्यातला एक एकर माणिक चमन काढावा आणि तिथे वाइनची द्राक्षे लावावीत. अण्णांनी तिला होय म्हटले नाही, नाही म्हटले नाही. ते म्हणाले, “आधी ती तुझी बाटली काय चीज आहे ते तरी बघू. आणि दाजींना बोलाव. मराठीचे प्राध्यापक आहेत, चवीला शब्द पुरवतील.” अशा रीतीने, ज्येष्ठाच्या अखेरीस, खरड छाटणीनंतरच्या काड्या मांडवावर तयार होत होत्या त्या दिवसांत, मी तामलवाडीला पोचलो.

बाटलीवर २००५ हे साल होते आणि ‘रिओहा’ हे नाव. रिओहा हा उत्तर स्पेनमधला एब्रो नदीच्या काठचा मुलूख. तिथले मुख्य लाल द्राक्ष टेम्प्रानिल्यो. ‘तेम्प्रानो’ म्हणजे लवकर. हे द्राक्ष इतरांच्या आधी पिकते म्हणून त्याला हे नाव. पुतणीने हे सांगताच अण्णा म्हणाले, “म्हणजे हळवी जात म्हण की.” हळवे आणि गरवे हे आपले दोन शब्द जगातल्या कुठल्याही पिकाला पुरतात, हे मला त्या दिवशी उमगले. हे द्राक्ष महाराष्ट्राला अगदीच अपरिचित नाही. नाशिककडे दिंडोरी तालुक्यात चारोसा नावाच्या मळ्याने टेम्प्रानिल्योची वाइन काढलेली आहे.

रिओहातले लोक वाइनच्या वयाची वर्गवारी करतात, आणि ती कायद्याने बांधलेली आहे. दोन वर्षे मुरलेली, त्यांतले निदान एक वर्ष ओकच्या लाकडी पिंपात काढलेली, ती ‘क्रिआन्सा’. तीन वर्षे मुरलेली, त्यांतले एक पिंपात, ती ‘रेसेर्वा’. आणि पाच वर्षे मुरलेली, त्यांतली किमान दोन पिंपात, ती ‘ग्रान रेसेर्वा’. ही मुदत भरल्याशिवाय बाटली त्या नावाने दुकानात जात नाही. शिवाय २००५ च्या पिकाला तिथल्या नियामक मंडळाचा सर्वोच्च शेरा मिळालेला आहे. आमची बाटली ग्रान रेसेर्वा होती. म्हणजे कुळ चांगले, पत्रिका चांगली; आता मुलगी प्रत्यक्ष पाहायची, एवढेच उरले होते.

पिंपांची ही चाल तिथे रुजली तिच्यामागे एक आपत्ती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सचे मळे मुळापासून खाल्ले. बोर्दोचे व्यापारी माल शोधत पिरेनीज पर्वत ओलांडून रिओहात आले आणि आपल्याबरोबर २२५ लिटरच्या पिंपांची रीत घेऊन आले. शतक संपता संपता ती कीडही त्यांच्यामागून आली. शेवटी उपाय सापडला तो अमेरिकी रानवेलीच्या खुंटावर कलम करण्याचा. आपल्याकडे डॉगरिजच्या खुंटावर कलमे भरतात तो खुंटही अमेरिकी रानवेलीच्याच कुळातला. फक्त आपले दुखणे निराळे. तिथे किडीसाठी केले, इथे खाऱ्या पाण्यासाठी आणि दुष्काळासाठी.

पुतणीने बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवली होती, साका तळाशी बसावा म्हणून. बूच जुने झालेले. ते तिने हलक्या हाताने, डॉक्टर काटा काढतो तसे काढले. मग बाटलीमागे विजेरी धरून वाइन रुंद पोटाच्या काचेच्या चंबूत सावकाश ओतली आणि मानेशी साका दिसताच हात थांबवला. पेल्यांत प्रत्येकी दोन घोट.

“आधी बघायचं,” ती म्हणाली. पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरला. मध्यभागी डाळिंबी रंग आणि काठाशी विटकरी छटा. कोवळी लाल वाइन जांभळट असते. वय वाढते तसा जांभळेपणा जातो आणि वीट दिसू लागते. काठ पुरता तपकिरी झाला असता तर बाटलीने राम म्हटला असे समजायचे. आमची बाटली विटेवर उभी होती.

“आता वास.” मी हुंगले आणि वर्गात विद्यार्थ्याला रसग्रहण करायला सांगितल्यावर त्याचा जो चेहरा होतो, तो माझा झाला असावा. सुके अंजीर म्हणालो. थोड्या वेळाने तंबाखूचे पान म्हणालो. अण्णा म्हणाले, “कातडं. नव्या चपलेचं नव्हं, बैलाच्या जुन्या जोताचं.” पुतणीने दोन्ही उत्तरांना मान डोलावली. एवढ्यात चहाची भांडी न्यायला वहिनी आल्या. त्या काही पिणार नव्हत्या, पण अण्णांनी पेला नाकाशी धरला तेव्हा त्यांनी पदर तोंडावर धरून, लांबूनच, एक वास घेतला आणि म्हणाल्या, “खोबऱ्याचा वास येतोय. पेटीत ठेवलेल्या सुक्या खोबऱ्याचा.” पुतणी जागची उठली. रिओहात परंपरेने अमेरिकी ओकची पिंपे वापरतात, आणि त्या लाकडात नारळासारखा वास देणारे द्रव्य असते. ते वाइनमध्ये उतरते. शिकलेल्या लोकांना जो वास सापडायला अभ्यास करावा लागतो, तो वहिनींनी पदराआडून ओळखला. जाताना त्या म्हणाल्या, “मुरलंय म्हणायचं.” आणि चहाची भांडी घेऊन गेल्या.

त्यानंतर चव. जाणकार लोक घोट तोंडात घोळवून थुंकून टाकतात, नाहीतर दहाव्या पेल्याला जिभेवर भरवसा राहत नाही. अण्णांना हा प्रकार पसंत पडला नाही. “पानाची पिंक टाकतो माणूस,” ते म्हणाले, “पण वीस वर्षं जपलेलं थुंकून टाकायचं?” त्यांनी घोट गिळला आणि डोळे मिटून बसले.

आपल्याकडे रस सहा: मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय. त्यांतला कषाय म्हणजे तुरट. लाल वाइनचे सारे आयुष्य ह्या एका रसाभोवती फिरते. द्राक्षाची साल आणि बी ह्यांतून, आणि पिंपाच्या लाकडातूनही, तो तुरटपणा येतो. शास्त्रज्ञ त्याला टॅनिन म्हणतात. कोवळ्या वाइनमध्ये तो कच्च्या जांभळासारखा जिभेला ओढतो. पिंपाच्या लाकडातून अगदी थोडी हवा आत झिरपत राहते, आणि वर्षानुवर्षांत तुरटपणाचे आणि रंगाचे कण एकमेकांना धरून मोठे होतात. काही जड होऊन खाली बसतात. तोच तो साका. म्हणून जुन्या वाइनचा रंग फिकटतो आणि धार जाते. आमच्या पेल्यातला तुरटपणा बोथट, मखमली झाला होता. पण त्याखाली आंबटपणा अजून ताठ उभा होता. “आंब जिवंत आहे,” डोळे न उघडता अण्णा म्हणाले. द्राक्षवाल्याची जीभ आधी साखर शोधते आणि मग आंब. वाइन टिकते ती मुख्यतः ह्या आंबेवर; ती गेली की उरलेले सारे सपक. गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते तेही पाहायचे असते. पुतणीने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले आणि अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ लागला.

निकाल असा लागला. ताज्या फळाची चव बरीच गेली होती. ती हौस ज्याला असेल त्याने ही बाटली दहा वर्षे आधी उघडायला हवी होती. त्या जागी सुकामेवा, लाकूड, कातडे, ओली माती असे दुसरे काही आले होते आणि ते सारे एकमेकांत मिसळून गेले होते. अजून चार-पाच वर्षे ही वाइन तग धरील, पण वर चढणार नाही. पुतणीने शंभरांत ९१ गुण दिले. मी ८८ दिले. अण्णांनी गुण दिले नाहीत. त्यांनी प्रश्न विचारला.

“पोरी, ही २००५ सालची. इतकी वर्षं हिला सांभाळली कोणी? आणि त्या शेतकऱ्याला पैसे कधी मिळाले?”

वाइनविषयी मी पुढे जे काही वाचले, त्यात इतका नेमका प्रश्न मला कुठे आढळला नाही. पुतणीने प्रामाणिक उत्तर दिले. द्राक्षे घालणाऱ्या शेतकऱ्याला त्याचे पैसे द्राक्षांपोटी मिळतात. पुढची वर्षे थांबतो तो कारखानदार. पिंपे त्याची, तळघर त्याचे, बँकेचे व्याज त्याचे. तळघर बाराही महिने १२ ते १५ अंशांवर राहावे लागते. शिवाय पिंपातून दरवर्षी काही वाइन उडून जाते, आणि हवा उष्ण व कोरडी असेल तर अधिकच. त्या तुटीला तिकडे ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात.

“देवदूत आमच्याकडेही येतात,” अण्णा म्हणाले. “शेततळ्यावर. ते पाणी पितात.”

आम्ही हसलो खरे. पण तामलवाडीच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की शेततळे रोज बोटाबोटाने खाली जाते, आणि मळ्यात बसून त्यावर हसणे सोपे नसते. ही बाटली स्पेनच्या अंधाऱ्या तळघरात निवांत पडलेली होती, त्या काळात ह्या मळ्याने काय काय पाहिले ते अण्णांनी मोजून दाखवले. २०१२ चा दुष्काळ. टँकरने वेली जगवल्या. २०१४ ची फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट. पिकलेले घड मांडवावरच फुटले. २०१५ चा कोरडा पावसाळा आणि त्यापुढचा उन्हाळा, ज्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. वाइन मुरत होती आणि अण्णांचे कर्ज नवे-जुने होत होते.

वाइनच्या द्राक्षांचा अनुभवही महाराष्ट्राला नवा नाही. २००१ साली राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइनसाठी खास वसाहती झाल्या, आणि शेतकऱ्यांनी हौसेने वाइनच्या जाती लावल्या. पुढे २००८ च्या मंदीनंतर खप खाली आला, टाक्या भरलेल्याच राहिल्या, आणि पुष्कळ शेतकऱ्यांना माल घ्यायला कोणी नाही अशी अवस्था आली. वाइनचे द्राक्ष बारीक, बीचे, जाड सालीचे. ते पाटीत घालून सोलापूरच्या बाजारात विकता येत नाही. अनेकांनी वेली उपटून टाकल्या. अण्णांचे दोन मित्र त्यांत होते.

म्हणून अण्णांना थांबणे ठाऊक नाही असे मात्र कोणी समजू नये. भाव पडला की ते द्राक्षांचा बेदाणा करतात. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून जाळीच्या रॅकवर सावलीत पसरायचे. बारा-पंधरा दिवसांत बेदाणा तयार. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो. मग तो शीतगृहात ठेवून, भाडे भरत, दिवाळीच्या भावाची वाट पाहायची. आपल्या चिवड्यात आणि शिऱ्यात पडणारा बेदाणा असा कोणाच्या तरी थांबण्यातून आलेला असतो. अण्णा सहा महिने थांबू शकतात. पाच वर्षे थांबणे त्यांच्या आवाक्यातले नाही, आणि ह्यात धीराचा प्रश्न येत नाही. ज्याच्यापाशी पुढच्या हंगामाचे भांडवल आधीच आहे, त्यालाच ते परवडते.

पुतणीने हा मुद्दा खोडून काढला नाही. आणि माझ्या मते त्या दिवशीची तिची सर्वांत हुशारीची गोष्ट हीच. तिने दुसरी बाटली काढली. ही अकलूजची. आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजजवळ फ्रातेल्ली नावाचा कारखाना आहे. ‘फ्रातेल्ली’ म्हणजे इटालियन भाषेत भाऊ. सेच्ची हे इटलीचे बंधू, सेखरी हे दिल्लीचे बंधू आणि मोहिते-पाटील हे अकलूजचे बंधू, अशा तीन घरच्या भावांनी मिळून तो काढला. त्यांची सांजोव्हेजे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों ह्या द्राक्षांची लाल वाइन आम्ही चाखली. रंग गडद, तुरटपणा अजून तरुण, वास पिकल्या जांभळाचा आणि मिऱ्याचा. स्पॅनिश बाटलीशेजारी ती वयात आलेल्या मुलासारखी जरा मोठ्याने बोलत होती. पण बोलत होती ते आपल्या मातीचे.

“जगातली बहुतेक वाइन वर्ष-दोन वर्षांतच पिऊन संपते, अण्णा,” पुतणी म्हणाली. “स्पेनमध्येसुद्धा. ही वीस वर्षांची म्हणजे त्यांचं देवघरातलं सोनं. आपण तिची नक्कल करायची नाही. आपल्याकडे वेल झोपत नाही, वर्षाला दोन छाटण्या लागतात, द्राक्ष फेब्रुवारीत उतरतं. रात्री थंड असतात तोवर तोडलं तर आंब राहते. कोवळी, लवकर प्यायची वाइन इथे होते. थांबायचं काम कारखान्याचं. आपण फक्त द्राक्ष नीट पिकवायचं.”

अण्णांनी तीन प्रश्न विचारले. भाव लेखी मिळणार का? कारखान्याने माल नाकारला तर दुसरा घेणारा कोण? पैसे तोडणीनंतर किती दिवसांत? पुतणीकडे पहिल्याचे आणि तिसऱ्याचे उत्तर कागदावर होते. दुसऱ्याचे नव्हते. ते तिने नाही म्हणून सांगितले.

अण्णांनी पेल्यातला शेवटचा घोट घेतला. मग म्हणाले, “एकर नाही. वीस गुंठे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आणलंस की उरलेले वीस.” माघात खुंट लावायचे आणि पावसाळ्याच्या शेवटी त्यांवर कलमे भरायची, असे जागेवरच ठरले. कोणती जात, ह्यावर काका-पुतणीचा वाद मी निघेपर्यंत चालू होता. हळवी असावी, एवढ्यावर दोघांचे एकमत होते.

वाटेत मी माझे ८८ गुण पुन्हा तपासून पाहिले. वाइनला दिलेले गुण मी कमी-जास्त केले नाहीत. पण ज्या परीक्षेसाठी मला बोलावले होते तीत आणखी दोन उत्तरपत्रिका होत्या, एक चुलत्याची आणि एक पुतणीची, आणि त्या दोन्ही मला अधिक चांगल्या वाटल्या. वीस गुंठ्यांतल्या कलमांना पहिले नीटसे पीक यायला दोन-अडीच वर्षे लागतील. हे सदर तोवर चालले, तर तामलवाडीच्या त्या वेलींचे काय झाले, आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडले की नाही, ते ह्याच पानावर कळवीन.